पहिला प्रेक्षक घरचाच हवा

पालकहो, शाळेची सभा असो की लग्नाचा मांडव, आपल्याकडे चार आई-बाप एकत्र आले की बोलणं फिरून फिरून एकाच जागी येतं: "पोरगं मोबाईल खाली ठेवत नाही." आदिलाबाद शहरात हेच ऐकू येतं, बेला आणि जैनथला हेच, पैनगंगेच्या काठावरच्या गावांतही हेच. तक्रार खरी आहे आणि तुमची काळजीही खरी आहे. तरी या तक्रारीतून एक गोष्ट मला आज वेगळी काढून तुमच्यापुढे ठेवायची आहे.

मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली दोन मुलं लांबून सारखीच दिसतात. त्यातलं एक तासभर गोळ्या झाडत असतं. दुसरं त्याच वेळात गेममधल्या पात्रांना कपडे घालतं, त्यांना घर देतं, त्यांच्या तोंडी बोलणी घालतं, त्यांचं भांडण लावून समेट घडवतं आणि हे सगळं रेकॉर्ड करून मित्रांना दाखवतं. या दुसऱ्या मुलाने सिनेमा केलेला असतो. लहान, वेडावाकडा, चुकांनी भरलेला असेल; पण लेखक तोच, दिग्दर्शक तोच, संकलकही तोच. आपण दोघांनाही एकाच आवाजात "ठेव तो मोबाईल" म्हणतो. पहिल्याच्या बाबतीत ते बऱ्याचदा बरोबर असतं. दुसऱ्याच्या बाबतीत आधी थांबून बघायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

गेमच्या आत चित्रपट करण्याची ही रीत काही नवी नाही. 1996 मध्ये 'क्वेक' नावाच्या गोळीबाराच्या गेममध्ये काही खेळाडूंनी 'डायरी ऑफ अ कॅम्पर' नावाचा छोटासा चित्रपट केला. मारामारीसाठी बनवलेली जागा त्यांनी रंगमंच म्हणून वापरली. पुढे अशा चित्रपटांना 'मशिनिमा' हे नाव पडलं. पण या सगळ्यात आपल्या विषयाशी सर्वांत जवळचा गेम 2005 च्या नोव्हेंबरात आला. त्याचं नाव 'द मूव्हीज'. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या लायनहेड स्टुडिओजने तो बनवला होता. त्यामागचं डोकं पीटर मॉलिन्यू यांचं आणि प्रकाशक अॅक्टिव्हिजन.

या गेममध्ये तुम्ही चित्रपट कंपनीचे मालक असता. काळ 1920 च्या दशकापासून सुरू होतो, म्हणजे मूकपटांपासून. हातात एक मोकळी जागा असते. तिथे कार्यालय बांधायचं, लेखकांसाठी खोली बांधायची, सेट उभे करायचे. दारात नोकरीसाठी माणसं रांग लावतात. त्यातून कोणाला नट करायचं, कोणाला दिग्दर्शक, कोणाच्या हाती झाडू द्यायचा, हे तुम्ही ठरवायचं. नटांना मान लागतो, विश्रांती लागते. दुर्लक्ष झालं की ते रुसतात, जास्त खातात, दारूच्या नादी लागतात. काळ पुढे सरकतो, बोलपट येतो, रंग येतो, प्रेक्षकांची आवड बदलते. पडद्यावर नट एकटाच दिसत असला तरी त्याच्यामागे सुतार, शिंपी, लेखक आणि झाडूवाला असे किती हात राबत असतात, हे त्या खेळातून मुलाला आपसूक कळतं.

पण 'द मूव्हीज'ची खरी किमया पुढेच होती. त्यात खेळाडूला स्वतःचा चित्रपट रचता येत असे. सेट निवडायचा, त्या सेटवर घडू शकणारे तयार प्रसंग निवडायचे (दोघं बोलताहेत, कोणी रागाने निघून जातं, कोणी कोणाच्या मागे धावतं), त्यात आपली पात्रं बसवायची, प्रसंग किती हसरा किंवा किती गंभीर हवा ते ठरवायचं. मग संकलनाच्या टेबलावर कापाकापी, संगीत, आणि मायक्रोफोनवर स्वतःच्या आवाजात संवाद. पात्रांचे ओठ त्या आवाजाबरोबर हलायचे. चित्रपट तयार झाला की कंपनीच्या संकेतस्थळावर चढवायचा आणि जगभरातल्या लोकांना दाखवायचा. हातात कॅमेरा नाही, नट नाहीत, पैसा नाही, अशा माणसाच्या हाती एकाएकी स्टुडिओ आला.

त्यातून काय घडू शकतं, हे गेम बाजारात आल्यावर काही दिवसांतच जगाने पाहिलं. 27 ऑक्टोबर 2005 रोजी पॅरिसजवळच्या क्लिशी-सू-बुआ गावात 17 वर्षांचा झिएद बेना आणि 15 वर्षांचा बुना त्राओरे हे पोलिसांच्या भीतीने विजेच्या उपकेंद्रात लपले आणि धक्का बसून गेले. त्यानंतर फ्रान्सभर स्थलांतरितांच्या वस्त्या पेटल्या. रोज गाड्या जळत होत्या, टीव्हीवर रोज पेटलेल्या गाड्याच दिसत होत्या. त्या वेळी फ्रान्समध्ये अॅलेक्स चॅन नावाचा 27 वर्षांचा तरुण होता. व्यवसायाने वस्तूंची रचना करणारा डिझायनर. चित्रपट त्याने कधी केलेला नव्हता. वस्त्यांतली मुलं का पेटली, ही बाजू कोणी सांगत नाही, असं त्याला वाटलं. त्याने 'द मूव्हीज' उघडला आणि तेरा मिनिटांचा चित्रपट केला: 'द फ्रेंच डेमॉक्रसी'. उपकेंद्रातल्या त्या मरणापासून तो सुरू होतो आणि नोकरीत, रस्त्यावर, पोलिसांच्या तपासणीत रोज अपमान सोसणाऱ्या तरुणांची गोष्ट सांगतो. नोव्हेंबर सरायच्या आत तो इंटरनेटवर होता आणि अमेरिकेतल्या मोठमोठ्या वृत्तपत्रांनी त्यावर लिहिलं.

पालकहो, त्या चित्रपटातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. गेममध्ये पॅरिसची मेट्रो नव्हती. अमेरिकी धाटणीचे सेट होते, तेच वापरून चॅनने पॅरिस दाखवलं. आणि त्याने खालच्या पाट्या इंग्रजीत दिल्या, पण ते इंग्रजी अशुद्ध होतं, चुकांनी भरलेलं. सेट परका, भाषा मोडकी. तरीही जगाने चित्रपट शेवटपर्यंत पाहिला, कारण सांगणाऱ्याला काय सांगायचं आहे ते पक्कं ठाऊक होतं. आपलं मूल "मला हवं तसं घर या गेममध्ये नाही" म्हणून हात आखडेल किंवा "माझी भाषा हसण्यासारखी आहे" म्हणून गप्प बसेल, तेव्हा त्याला ही गोष्ट सांगा.

कारण आपल्या मुलांपुढे हीच अडचण आहे. कोणत्याच गेममध्ये आदिलाबादचं मार्केट यार्ड नाही, कापसाने भरलेल्या गाड्यांची रांग नाही, वेचणीला निघालेल्या बाया नाहीत. कुंटालाचा धबधबा नाही, पैनगंगेचा पूर नाही. गेममधली घरं अमेरिकेतली, रस्ते जपानमधले, शाळा तर कुठल्या देशातली ते कळतच नाही. मग मूल काय करतं? जे समोर आहे त्याचीच गोष्ट सांगतं. त्याच्या चित्रपटातल्या मुलीचं नाव एमिली असतं, ती मोठ्या बंगल्यात राहते, तिच्या शाळेत लॉकर असतात. मुलाचा यात दोष नाही. त्याला तेवढंच सामान मिळालं आहे. उरलेलं सामान घरात आहे, आणि ते आपण त्याला कधी दिलेलंच नाही.

इथे आई-बापाचं काम सुरू होतं. गेम चित्र देतो, हालचाल देतो, प्रकाश देतो. गोष्ट देत नाही आणि आवाज देत नाही. गोष्ट तुमच्याकडे आहे. पुराच्या वर्षी नदीकाठच्या वावरात काय झालं, तुमच्या वडिलांनी पहिली बैलजोडी कशी घेतली, पोळ्याला बैलांची शिंगं कोणत्या रंगाने रंगवायचे, पलीकडच्या यवतमाळ किंवा किनवटच्या बाजूने आलेल्या सुनेला पहिल्या वर्षी तेलुगू बाजारात कसं निभवावं लागलं, यातली कोणतीही गोष्ट तेरा मिनिटांच्या चित्रपटाला पुरून उरते. गेममधला परका बंगला खुशाल वाडा म्हणून वापरावा. घोडा असेल तर घोड्यालाच बैल म्हणावं. बघणारा मानतो. लहान मुलं भातुकलीत हेच तर करत आली आहेत.

आपल्या जिल्ह्याच्या मातीत तर गोष्टींची वाणच नाही. कोमाराम भीम यांचं नाव 2022 च्या 'आरआरआर'मुळे देशभर पोहोचलं. पण तो चित्रपट कल्पनेने रचलेला होता. खरे भीम 1940 मध्ये जोडेघाटला निजामाच्या फौजेशी लढताना पडले. ते जोडेघाट 2016 च्या ऑक्टोबरात जिल्ह्याचे चार भाग होईपर्यंत आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होतं. मुलाने 'आरआरआर' दहा वेळा पाहिला असेल, तर त्याला एवढंच विचारा: "खरं काय झालं होतं, ते तू तुझ्या गेममध्ये दाखवशील का?" हा प्रश्न त्याला पुस्तकाकडे नेईल, शाळेतल्या सरांकडे नेईल, शेजारच्या गोंड आजोबांकडेही नेईल. पौष अमावस्येला इंद्रवेल्लीजवळ केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळातले लोक गोदावरीचं पाणी पायी चालत घेऊन येतात. हा प्रवास म्हणजे तर तयार चित्रपटच आहे.

मात्र इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. गुस्साडी नृत्यातला मोरपिसांचा मुकुट दिसायला फार सुंदर असतो आणि मुलांना तो गेममधल्या पात्राच्या डोक्यावर घालायचा मोह होईल. पण दंडारी-गुस्साडी हे गोंड बांधवांचं देवकार्य आहे. याच नृत्यासाठी मार्लवाईच्या कनक राजू यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली होती. मुलाने ते दाखवायला माझी हरकत नाही. आधी एखाद्या गोंड घरी जाऊन विचारावं, समजून घ्यावं, झालेला भाग त्यांना दाखवावा. दुसऱ्याचा देव हसण्यासाठी वापरायचा नाही, हे चित्रपट करताना जितकं पक्कं शिकवता येतं तितकं उपदेशाने शिकवता येत नाही.

आता आवाजाकडे येऊ. आपली मुलं घरी मराठी बोलतात, बाजारात तेलुगू, वर्गात तेलुगू किंवा इंग्रजी, मैदानात हिंदी, आणि कुणाचा जिवलग मित्र गोंडी किंवा बंजारा बोलणारा असतो. 2018 च्या कायद्याने तेलंगणातल्या शाळांत तेलुगू शिकणं सक्तीचं झालं, आणि ज्या राज्यात राहायचं त्याची भाषा मुलांना यायलाच हवी. पण घरची मराठी हळूहळू फक्त "जेवायला ये" आणि "झोप आता" एवढ्यापुरती उरते, हे तुम्ही पाहत असाल. मुलाने चित्रपट मराठीत बोलून केला, तर त्याला "तिने रागाने म्हटलं" आणि "ती कुरकुरली" यांतला फरक करावा लागतो. म्हाताऱ्या पात्राला म्हाताऱ्याची भाषा द्यावी लागते. त्यासाठी तो आजीकडे जाईल. आजीचाच आवाज घ्या ना! आपल्या भागातली मराठी, वऱ्हाडीच्या वळणाची आणि तेलुगू शब्दांत मिसळलेली, पुस्तकात सापडत नाही. ती आजीच्या तोंडात आहे. ती जशी आहे तशी रेकॉर्ड होऊ द्या. "नीट पुस्तकी बोल" असं आजीला सांगू नका. आणि खाली तेलुगूत पाट्या द्यायला सांगा, म्हणजे वर्गातल्या सगळ्यांना कळेल. तेलुगू लिहिण्याचा सराव होईल तो वेगळाच. अशा एका चित्रपटात मुलाच्या दोन्ही भाषा कामाला लागतात आणि कोणतीच कमीपणाची ठरत नाही.

घरानेच चित्रपटाला हातभार लावायचा, ही आपल्या मराठी माणसाला नवी गोष्ट नाही. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' करण्याआधी एका रोपाच्या वाढीचा छोटा चित्रपट केला होता. वाटाण्याचं बी पेरायचं आणि ते उगवून वाढताना थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेत जायचं. पैसे देणाऱ्यांना ही कला कळावी म्हणून हा खटाटोप. आज मुलं मोबाईलवर मातीच्या बाहुल्या एकेक फोटो काढून हलवतात, त्याची जात हीच. पुढे 'राजा हरिश्चंद्र'मध्ये रोहिदासाचं काम त्यांच्या मुलाने, भालचंद्रने केलं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायच्या, रसायनांच्या कामात मदत करायच्या आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करायच्या. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो चित्रपट लोकांपुढे आला तेव्हा त्यामागे एक अख्खं घर उभं होतं. तुमच्या घरातल्या सातवीच्या मुलीला मी फाळके म्हणत नाही. घराने साथ दिली की नवं काम उभं राहतं, एवढंच म्हणतो.

हौशी चित्रपटांचं एक ठिकाण म्हणजे मालेगाव. यंत्रमागांच्या त्या गावात शेख नासिर यांनी 2000 च्या सुमारास गावातलीच माणसं घेऊन 'मालेगाव के शोले' केला. यंत्रमागावरचे कामगार, दुकानदार हेच नट. कॅमेरा उंच नेण्यासाठी बैलगाडी, सरकवण्यासाठी सायकल. त्यांच्या या वेडावर फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. आणि जगित्याल जिल्ह्यातलं लंबाडीपल्ली तर तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक असेल. तिथल्या तरुणांनी 'माय व्हिलेज शो' सुरू केला, गावातली गंगव्वा त्यात बोलू लागली आणि आज तिला घरोघरी ओळखतात. या दोन्ही ठिकाणच्या लोकांनी मुंबई किंवा हैदराबादसारखं दिसण्याचा हट्ट धरला नाही, स्वतःच्या गावाचीच बोली ठेवली, आणि लोकांना तीच आवडली.

तुम्ही विचाराल, आमच्या घरात यासाठी काय आहे? 'द मूव्हीज' आज रीतसर विकत मिळत नाही. लायनहेड 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेली आणि 2016 मध्ये बंद झाली. फुकट उतरवून देण्याचं आमिष दाखवणाऱ्या जागा सापडतील, पण तिथून गेमबरोबर व्हायरस घरात येतो, तेव्हा त्या वाटेला मुलाला जाऊ देऊ नका. चांगला संगणक असेल तर 2024 मध्ये आलेला 'ब्लॉकबस्टर इंक' त्याच धर्तीचा आहे. पण आपल्या बहुतेक घरांत एक मोबाईल असतो आणि तोही सगळ्यांत मिळून. त्यावर मुलं 'गाचा लाइफ'मध्ये पात्रं सजवून, त्यांच्या डोक्यावर बोलण्याचे फुगे लावून दृश्यं जोडतात, 'टोका लाइफ'मधल्या बाहुल्यांचं घर रचून त्याचं रेकॉर्डिंग करतात, 'माइनक्राफ्ट' आणि 'रोब्लॉक्स'मध्ये मित्रांना नट करून नाटकं करतात. साधन साधं असलं म्हणून काम हलकं ठरत नाही. फक्त 'गाचा'च्या नावाखाली इंटरनेटवर मुलांनी बघू नये असेही व्हिडिओ फिरतात, आणि 'रोब्लॉक्स'मध्ये अनोळखी माणसं गप्पांच्या निमित्ताने जवळ येऊ शकतात. म्हणून या दोन्हींच्या सेटिंगमध्ये तुम्ही स्वतः एकदा मुलाबरोबर बसून डोकवा. मुलाला विचारा, तो उघडून दाखवेल. त्याला ते तुमच्यापेक्षा जास्त येतं, हे मान्य करण्यात काही कमीपणा नाही.

मुलाचा चित्रपट बघताना काय बोलावं, याचीही तयारी हवी. "वा, छान" एवढंच म्हणून पुन्हा आपल्या कामाला लागलात, तर मूल समजतं की तुम्ही पाहिलंच नाही. "हे काय, शुद्धलेखन किती चुकलंय" म्हणालात तर पुढचा चित्रपट तुम्हाला दाखवणारच नाही. त्यापेक्षा गोष्टीबद्दल बोला. ही मुलगी घर सोडून का गेली? तो मित्र खोटं का बोलला? शेवटी ते दोघं एकमेकांशी बोललेच नाहीत, असं का ठेवलंस? मुलं आपल्या मनातलं तोंडाने सांगत नाहीत, पात्रांच्या तोंडून सांगतात. एखाद्या मुलाच्या प्रत्येक चित्रपटात आई-बाप भांडतच असतील, एखाद्या मुलीच्या गोष्टीतल्या वर्गात सगळे तिला वगळतच असतील, तर ते बघून रागावू नका आणि लगेच चौकशीही लावू नका. जवळ बसा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. हळूहळू ते बोलेल.

आता दाखवण्याचा, म्हणजे शेअर करण्याचा प्रश्न. खरी जबाबदारी इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चित्रपट केला की तो दाखवावासा वाटणारच. तो हट्ट नाही, ती कलेची भूकच आहे. पण दाखवण्याच्याही पायऱ्या असतात. आधी घर. मग आजोळ, चुलत-मावस भावंडं, वर्गातले दोन-चार मित्र. मग शाळेचा कार्यक्रम. त्यानंतरच जग. यूट्यूबवर चढवताना तीन पर्याय असतात: एकात फक्त तुम्ही ज्यांना निवडाल तेच पाहतात, दुसऱ्यात ज्याच्याकडे लिंक आहे तोच पाहतो, तिसऱ्यात सगळं जग पाहतं. शाळकरी मुलासाठी पहिले दोन पुरेसे आहेत. 13 वर्षांखालच्या मुलाचं खातं पालकांच्या देखरेखीखालीच असलं पाहिजे, आणि वय खोटं सांगून खातं काढण्यात आपण मुलाला मदत करता कामा नये. आपल्या देशाचा 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तर 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला मूलच मानतो आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती मागतो. हे उगाच नाही. पालकांना न विचारता मुलांची माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून 2019 मध्ये अमेरिकेत गूगल आणि यूट्यूबला 17 कोटी डॉलर भरावे लागले होते.

गेममधल्या चित्रपटाचा एक मोठा फायदा इथे दिसतो. त्यात मुलाचा चेहरा येत नाही. नाचाचे आणि तोंडासमोर मोबाईल धरून केलेले व्हिडिओ टाकण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे. मग ती सुरक्षा आपणच घालवू नये. शेवटच्या नामावळीत पूर्ण नाव, शाळेचं नाव, गावाचं नाव, फोन नंबर घालू देऊ नका, टोपणनाव पुरे. अनोळखी माणसाने "तुझं काम छान आहे, खासगीत बोलू" असं लिहिलं, तर मुलाने ते लपवून न ठेवता तुम्हाला दाखवावं, एवढा विश्वास घरात असू द्या. फसवणूक किंवा धमकी झालीच तर सायबर गुन्ह्यांसाठी 1930 आणि मुलांच्या मदतीसाठी 1098 हे क्रमांक आहेत, ते मुलालाही पाठ असावेत. चित्रपटाला सिनेमातलं गाणं लावलं तर व्हिडिओ अडवला जाऊ शकतो, कारण ते गाणं कोणाच्या तरी मालकीचं आहे. मग घरातलीच ढोलकी, टाळ, आईची ओवी वापरा. ते कोणी अडवत नाही.

आणखी एक गोष्ट 'द मूव्हीज'नेच शिकवली. लोकांनी आपले चित्रपट ज्या संकेतस्थळावर चढवले होते ते 2008 च्या डिसेंबरात बंद झालं. ज्यांनी आपली प्रत जपली नव्हती त्यांची मेहनत त्याबरोबर गेली. मोबाईल हरवतो, फुटतो, विकला जातो. म्हणून मुलाचा प्रत्येक चित्रपट एका पेनड्राइव्हवर ठेवा, त्यावर तारीख घाला. जुन्या वह्या आणि बक्षिसांची प्रमाणपत्रं जपता ना, तसाच हाही जपा. आजीचा आवाज त्यात असेल, तर पुढे त्याची किंमत तुम्हालाच कळेल.

अभ्यासाचं काय, हे तुमच्या मनात असणारच. झोप, अभ्यास आणि उन्हातला खेळ यांना हात लागता कामा नये. वेळ ठरवा आणि ठरलेली वेळ तुम्हीही पाळा. पैशाची आणि लाखो व्ह्यूजची स्वप्नं मात्र मुलाला दाखवू नका. शेजाऱ्याच्या मुलाला किती व्ह्यूज आले, ही तुलना गुणांच्या तुलनेइतकीच जिवाला लागते. आठवीतल्या मुलाने चॅनल चालवून घर चालवावं, असं आपल्याला नको आहे. त्याने एखादी गोष्ट मनापासून पूर्ण करावी, तिला नाव द्यावं, माणसांसमोर ठेवावी आणि त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं, एवढं झालं तरी पुष्कळ झालं.

म्हणून या रविवारी एवढं करा. मुलाला म्हणा, "तू केलेलं काहीतरी दाखव." मोबाईल टीव्हीला जोडता आला तर जोडा, नाही तर सगळे त्याच्याभोवती बसा, आजीला पुढे बसवा. शेवटपर्यंत बघा, मध्ये उठू नका, फोन आला तर घेऊ नका. झाल्यावर एक प्रश्न गोष्टीबद्दल विचारा. आणि पुढच्या चित्रपटात तुमचा आवाज चालेल का, ते त्याला विचारा. तो "हो" म्हणाला, तर त्या दिवशी दुसरं कुठलंही काम ठेवू नका.